बिजागरी कुठे आहे?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



संयोजकांनी फोन करून सांगितलं होतं, की तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर वीस मिनिटं बोल. मी हो म्हटलं होतं. पण मग आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर कोण कशाबद्दल बोलतंय ते मी मोजलं. मोजायची सवय लागलीय, इलाज नाही. मुलांचे निकाल आणि कांद्याचा भाव सोडला, तर सगळ्यात जास्त निरोप गुडघ्यांचे आणि कमरेचे होते. म्हणून विषय बदलून घेतला. आज मी शरीर हलतं कसं, यावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. इंजिनिअर आहे, आणि तीन वर्षांपासून पेशंट आहे.

सुरुवात आपल्याच वर्गातून करते. विज्ञानाच्या तासाला सर सांध्यांचे प्रकार शिकवत होते. उखळीचा सांधा, बिजागरीचा सांधा, सरकता सांधा. उखळ सगळ्यांच्या घरी होतं, ते लगेच कळलं. बिजागरीला मात्र अडलं. आपलं शिंगणापूर म्हणजे घराला चौकट असलेलं आणि कवाड नसलेलं गाव. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, बिजागरी कुठं असती?" वर्ग हसला. आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि मान खाली घालतोय, पण त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. सरांनी रागावण्याऐवजी टेबलावरची खडूची पत्र्याची पेटी उचलली, झाकण उघडमीट केलं आणि म्हणाले, "ही बघ. पेटी कितीही मोठी असू दे, झाकण फिरणार ते इथूनच."

तो प्रश्न मला तीस वर्षांनी पुन्हा पडला, आणि तेव्हा मी पुण्यात जमिनीवर आडवी होते.

झालं असं. वीस वर्षं खुर्चीत बसून काम केल्यावर त्रेचाळिसाव्या वर्षी मी जिमला जायला लागले. वर्षाचे पैसे एकदम भरले. ट्रेनर तेवीस वर्षांचा मुलगा होता, नम्र, प्रत्येक वाक्याला 'मॅडम' म्हणणारा. दुसऱ्या आठवड्यात त्याने डेडलिफ्ट शिकवली. म्हणजे जमिनीवरची वजनं लावलेली दांडी वाकून उचलायची आणि ताठ उभं राहायचं. तो म्हणाला, "मॅडम, कमरेतून वाका." मी कमरेतून वाकले. दहा किलोपासून सुरुवात झाली, चार आठवड्यांत पंचेचाळीस किलो झाले. एका गुरुवारी पाचव्या वेळेला उचलताना पाठीत काहीतरी ओढल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरता येईना. तिसऱ्या दिवशी डाव्या पायात पोटरीपर्यंत विजेसारखी कळ जायला लागली. एमआरआयमध्ये निघालं, की कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आली आहे.

ऑपरेशन लागलं नाही. बहुतेकांना लागत नाही, हे मला नंतर कळलं. पण दोन महिने गेले. त्या मुलाचा मला फार राग आला होता. पडल्या पडल्या करायला काही नव्हतं, म्हणून मी ट्रेनर लोकांना शिकवतात तो अभ्यासक्रम घरबसल्या सुरू केला. त्याचं नेमकं कुठं चुकलं ते मला शोधायचं होतं. प्रोग्रॅम बिघडला की आम्ही तेच करतो.

चूक पहिल्याच प्रकरणात सापडली, आणि ती भाषेची होती.

इंग्रजीत जो 'हिप' म्हणतात, तो सांधा म्हणजे आपला खुबा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं ओटीपोटाच्या हाडातल्या वाटीत बसतं, तो उखळीचा सांधा. शरीरातला सगळ्यात मजबूत सांधा तोच. जड वस्तू उचलताना वाकायचं ते तिथून. पण मराठीत बोलताना आपण 'हिप' म्हटलं की 'कंबर' म्हणतो. कंबर म्हणजे साडीची गाठ जिथे येते ती जागा. तिथे उखळ नाही. तिथे पाच मणके आहेत, त्यांच्यामध्ये गाद्या आहेत, आणि प्रत्येक मणका थोडाथोडाच वाकतो. त्या मुलाने व्हिडिओत 'हिप' ऐकलं होतं, मला 'कंबर' सांगितलं, आणि मी आज्ञाधारकपणे झाकण पेटीच्या मधोमध वाकवलं.

खुबा हा शब्द आपल्याला माहीत नाही असं नाही. "म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं," असं आपण म्हणतोच. मोडल्यावरच तो शब्द निघतो. आणि त्याची जागा विचारली तर लोक बाजूच्या हाडावर हात ठेवतात. ती जागा नाही. खुर्चीत बसल्यावर पोट आणि मांडी जिथे मिळतात ती घडी पडते ना, त्या घडीच्या मध्यावर बोट ठेवा. बोटाच्या मागे, आत खोल, सांधा आहे. त्या जागेला मराठीत सरळ शब्द आहे, जांघ. तेवीस वर्षांचा मुलगा त्रेचाळीस वर्षांच्या मॅडमला "जांघेतून वाका" म्हणणार नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही म्हटलं नसतं. तो लाजला, म्हणून कंबर म्हणाला. हे लक्षात आल्यावर माझा निम्मा राग गेला. आता मी 'मांडीची घडी' म्हणते. त्यात कुणाला काही लागत नाही आणि बोट बरोबर जागेवर जातं.

आता थोडं गणित. भूगोलाच्या बाईंनी झोपायला हरकत नाही, पण गणिताच्या सरांनी जागं राहावं.

घोडेगावकडून शिंगणापूरला येताना रस्त्याच्या कडेला ज्या रसवंत्या आहेत, त्यांतला बैल आठवा. मधे लाकडी चरक, त्याला आडवं लांब लाकूड, आणि लाकडाच्या टोकाला बैल. बैल जितका लांब जुंपावा तितका त्याला जोर कमी लागतो. फेरा मोठा पडतो एवढंच. ही तरफ. टेकू, बल, भार, हे आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे.

शरीरात निसर्गाने बैल उलटा जुंपला आहे. तो टेकूला अगदी चिकटून, आणि भार लांब टोकाला. दंडाचा पुढचा स्नायू कोपरापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर हाडाला धरतो. तळहात पस्तीस सेंटिमीटरवर. म्हणजे कोपर काटकोनात ठेवून हातात दोन किलोचं पातेलं धरलं, तर स्नायूला ओढावे लागतात चौदा किलो. हा तोट्याचा व्यवहार वाटतो. पण स्नायू एक सेंटिमीटर आखडला की हात सात सेंटिमीटर हलतो. जोर देऊन आपण वेग आणि फेरा विकत घेतला आहे. त्यामुळेच दगड भिरकावता येतो. हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला इटलीच्या बोरेल्लीने. त्याचं पुस्तक १६८० साली, तो गेल्यानंतर छापलं गेलं. त्याआधी लोकांना वाटायचं, की थोड्या जोरात मोठं ओझं उचलायची सोय शरीरात आहे. बोरेल्लीने दाखवलं, की उलट आहे. स्नायूला भाराच्या कित्येक पट ओढावं लागतं.

हेच पाठीला लावा. साठ किलोची बाई धरू. तिचा कमरेच्या वरचा भाग साधारण पस्तीस किलोचा. ती पूर्ण आडवी वाकली की हे वजन खालच्या मणक्यापासून पंचवीसेक सेंटिमीटर पुढे येतं. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे पाच सेंटिमीटरवर. म्हणजे नुसतं वाकून राहायला त्यांना १७५ किलोची ओढ लागते. हातात काहीही नसताना. आता पंधरा किलोची भरलेली बादली चाळीस सेंटिमीटर पुढे ठेवून उचलली, तर त्यात १२० किलो वाढले. तीच बादली दोन पायांच्या मधे आणली, अंतर वीस केलं, की ६० वाढतात. बादली तीच, पाणी तेवढंच. हे गणित ढोबळ आहे, पोटाच्या स्नायूंची मदत मी धरलेली नाही. पण हमाल पन्नास किलोची कांद्याची गोणी हातात पुढे धरून चालत नाही, पाठीवर मानेलगत घेतो, त्याचं कारण यात आहे.

प्रत्यक्ष मोजलंय का कुणी? मोजलंय. १९९९ साली जर्मनीत एका निरोगी माणसाच्या गादीत दाब मोजायची बारीक सुई बसवली आणि त्याला दिवसभर बसवलं, उठवलं, वजनं उचलायला लावलं. माणूस ४५ वर्षांचा, ७० किलोचा, म्हणजे आपल्याच बॅचचा म्हणा. गादीही माझी गेली तीच, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली. उभं असताना दाब होता ०.५ मेगापास्कल. स्कूटरच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. पाठ गोल करून वीस किलो उचलल्यावर २.३. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलल्यावर १.७. आणि तेच वीस किलो अंगाशी धरून उभं राहिल्यावर १.१. एकाच माणसाचे आकडे आहेत, त्यामुळे फार ताणू नयेत. पण दोन गोष्टी मला त्यात महत्त्वाच्या वाटल्या. एक, पाठ सरळ ठेवली तरी दाब काही शून्य होत नाही. अंगाशी धरण्याचा फायदा त्याहून मोठा आहे. दुसरी, टेकून न बसता सैल बसल्यावर दाब उभ्याइतकाच किंवा किंचित कमी होता. म्हणजे "बसल्याने मणका जातो" असं जे आपण एकमेकांना पाठवत असतो, ते इतकं सरळ नाही. माझ्या बसण्याचा दोष वेगळा होता. वीस वर्षं मी या गादीला आणि या स्नायूंना काही मागितलंच नव्हतं, आणि मग चार आठवड्यांत पंचेचाळीस किलो मागितले.

त्यामुळे त्या मुलाच्या चुका दोन. जागा चुकली, आणि वाढ चुकली. कोणती मोठी, असं विचाराल तर आता मला दुसरी वाटते. गोल पाठीने उचलणारे कितीतरी लोक ठणठणीत असतात. त्यांच्या पाठीला ती सवय हळूहळू लागलेली असते. हाडाला, गादीला, स्नायूला जे मागाल ते ती देतात, पण मुदत मागतात. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो. त्याला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या आणि सांध्याच्या गाद्या त्याहून खूप सावकाश. म्हणून तब्येत छान वाटायला लागते नेमकी तेव्हाच माणूस जखमी होतो.

इथे सोनईच्या कारखान्यावर येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आपण लहानपणी त्यांच्या कोप्यांजवळून शाळेत यायचो. ऊस बुडातून तोडायचा म्हणजे दिवसभर वाकलेलं राहायचं, आणि मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. माझ्या ओळखीच्या जिममधल्या मंडळींना ती चाल दाखवली तर ते व्हिडिओ काढतील. मोळी डोक्यावर, म्हणजे भार बरोबर मणक्याच्या रेषेत, भुजा जवळजवळ शून्य. वाकणं खुब्यातून. कुणी शिकवलेलं नाही. पण म्हणून त्यांची पाठ दुखत नाही असं नाही. दुखते. उचल घेतलेली असते, मुकादम उभा असतो, त्यामुळे विश्रांती नावाचा भाग त्या कामात नाही. ट्रेनरच्या पुस्तकात विश्रांतीला स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचताना मला त्या कोप्या आठवत होत्या.

आता आईबद्दल. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी तिच्या हातची भाकरी खाल्ली आहे.

आईने चाळीस वर्षं कांद्याची लागण केली. पाय जवळजवळ सरळ, मांडीच्या घडीतून वाकलेली, एका हातात रोपांची जुडी. पासष्टीनंतर गुडघे आणि पाठ दुखायला लागली, तेव्हा एका दवाखान्यात तिला तीन नियम सांगितले गेले. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. किती दिवस, हे सांगितलं नाही. आई सांगितलेलं पाळणारी बाई. तिने दीड वर्ष पाळलं. पुढच्या दिवाळीला मी आले, तेव्हा तिला खाटेवरून उठायला हात द्यावा लागत होता. मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या. दुखणं होतं तेवढंच होतं, वर ताकद गेली होती. मला त्याचं जास्त वाईट वाटलं, कारण ते नियम बरोबर आहेत असं मीही तिला फोनवर सांगत होते.

तेव्हा माझा तो अभ्यासक्रम चालू होता. त्यात बॉस्टनचा १९९० सालचा एक प्रयोग होता. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा, वजनं लावून, व्यायाम दिला. ज्यांनी पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत. आई तर सत्तरचीच होती.

पण आईला जिम म्हटलं असतं तर तिने मला हाकलून दिलं असतं. म्हणून भावाला हाताशी घेऊन खाटेच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या. खाट उंच झाली, उठणं सोपं झालं. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, पाच वेळा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आई म्हणाली, "मी काय आता पैलवान व्हायची का?" मी म्हटलं, "नाही, तू फक्त उठायचं." चार दिवसांनी फोनवर म्हणाली, उठताच येत नाही, मागे पडायला होतं. मी व्हिडिओ मागवला. ती ताठ बसून सरळ वर उठायचा प्रयत्न करत होती.

हे आत्ता सगळ्यांनी करून बघा. खुर्चीत ताठ बसा, पाय जमिनीवर पुढे, आणि डोकं अजिबात पुढे न आणता उठा. बघा. सरपंचांनाही जमत नाहीये. आपलं वजन खुर्चीवर आहे. ते पावलांवर आल्याशिवाय उठता येत नाही, आणि ते पावलांवर आणायचं तर खुब्यातून पुढे वाकावंच लागतं. नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. आईला वाकू नकोस असं सांगितल्यावर तिने उठताना वाकणंही सोडून दिलं होतं! "नाक पुढं आण," म्हटल्यावर ती उठली. दोन महिन्यांनी एक वीट काढली. पुढच्या दोन महिन्यांनी दुसरी. जिममध्ये याला मोठं नाव आहे आणि त्यासाठी लोखंडाच्या चकत्या वाढवतात. आमच्याकडे विटा कमी केल्या.

गुडघ्यांचं एक सांगते, कारण ग्रुपवर त्याचंच जास्त असतं. "बैठक मारताना गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाता कामा नये," हे तुम्ही ऐकलं असेल. २००३ साली अमेरिकेत सात सरावलेल्या पुरुषांना खांद्यावर स्वतःइतकं वजन देऊन हे तपासलं. गुडघ्यापुढे फळी लावून तो अडवला, तर गुडघ्यावरचा भार साधारण बावीस टक्क्यांनी कमी झाला. पण खुब्यावरचा दसपटीहून जास्त वाढला. शरीर पुढे झुकून ते भरून काढतं. भार नाहीसा होत नाही, दुसऱ्याच्या खात्यावर जातो. कधी ते बरं असतं, कधी नसतं, ते माणूस बघून ठरवायचं. आणि उकिडवं बसताना आपल्या सगळ्यांचे गुडघे बोटांच्या पुढेच असतात. जिथे दुखतं तिथेच बिघाड असतो असंही नाही. गुडघा दुखणाऱ्या कित्येकांना खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट केल्यावर आराम पडतो. आमच्याकडेही त्रुटी दाखवतात एका ओळीत, आणि चूक असते वीस ओळी आधी.

पाठीचं तसंच. कणा म्हणजे मंडपाचा खांब आहे असं समजा. खांब नुसता उभा राहत नाही, चारी बाजूंनी ताण दिलेले असतात. स्नायू हे ते ताण. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, म्हणून प्रत्येक बाजूला एक लागतो. पुढचे ताण म्हणजे पोट. जड काही उचलण्याआधी खोकताना पोट जसं घट्ट होतं तसं घट्ट करायचं. आत ओढायचं नाही. फोटोला उभं राहताना ओढतो तसं तर अजिबात नाही.

हे सगळं मी आज इथे का सांगतेय, त्याचं एक तातडीचं कारण आहे. आपल्यातल्याच एकाच्या मुलाने गेल्या वर्षी जिम काढली. तीन मुलं आणि एक मुलगी तिथे शिकवतात. सगळी विशी-बाविशीची, मेहनती, आणि सगळं शिक्षण मोबाईलवरच्या इंग्रजी-हिंदी व्हिडिओंतून. दुपारी दोन ते चार बायकांची वेळ असते. तुमच्यापैकी सात जणी तिथे जातात, मला माहीत आहे. दर रविवारी संध्याकाळी मी या चौघांना व्हिडिओ कॉलवर पहिलं प्रकरण शिकवते. व्यायाम शिकवत नाही, तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो. सांधा कुठे आहे, कोण ओढतंय, भुजा किती लांब आहे, आणि या बाईने मागच्या दहा वर्षांत काय काम केलंय, एवढंच. कांदा काढणाऱ्या बाईला आणि दुकानात बसणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी एकच वजन देऊ नका, हे मी इतक्यांदा सांगितलंय की ती मुलं आता माझ्याआधीच म्हणतात. आणि पायातली ताकद जात असेल, बसण्याच्या जागी बधिर झालं असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर व्यायाम नाही, मालिश नाही, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. हे मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं आहे.

त्यांना मराठीतून वाचायला द्यायला काय आहे, हे शोधताना मला बडोद्याचा 'व्यायाम ज्ञानकोश' कळला. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेले दहा खंड, १९३६ ते १९४९. कुस्ती, मल्लखांब, सगळं मराठीत. त्या काळी उस्तादाला लागणारे शब्द मराठीत होते आणि ते कुणीतरी बसून लिहून काढले. आता पोरांना 'ग्लूट' माहीत आहे आणि खुबा माहीत नाही. इंग्रजी शब्दांना माझी हरकत नाही, माझं पोट त्यावरच चालतं. पण समोरच्या बाईला तो शब्द कळला नाही तर ती चुकीच्या जागी वाकते, याचा पुरावा माझ्या एमआरआयमध्ये आहे.

त्या पुण्याच्या मुलाला मी नंतर भेटले. त्याला मांडीच्या घडीवर बोट ठेवून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, मला कुणी दाखवलंच नव्हतं." मी पुन्हा त्याच्याचकडे जाते. गेल्या महिन्यात पंचेचाळीस किलो परत उचलले. या वेळी त्याला चौदा महिने लागले.

आई मागे बसली आहे. सकाळी सगळ्यांबरोबर खाली पंगतीत बसली होती, उठताना एक हात टेकला. तो मी पाहिला आहे, आई.

आता शेवटचं. पी.टी.च्या सरांकडून मी ही काठी मागून घेतली आहे. हो, तीच. काही जण ओळखतील. ही पाठीला उभी लावायची. वरचं टोक डोक्याच्या मागे, मधे दोन्ही पाठफळ्यांच्या मधोमध, खाली माकडहाडावर. एक हात मानेमागे, एक कमरेमागे, काठी धरायला. आता मांडीची घडी मोडत, बसायच्या जागेने मागची भिंत शोधत वाकायचं. तीनपैकी एकाही जागेवरून काठी सुटली, तर तुम्ही कमरेतून वाकलात. नाही सुटली, तर बिजागरी सापडली.

तिसऱ्या रांगेतला प्रश्नकर्ता पुढे येऊ दे. त्याआधी सर, तुम्ही एकदा करून दाखवता का? सर उठले बघा, आणि नाक आधी पुढे आणून उठले. बाकीच्यांनी खुर्च्या जरा मागे घ्या, हाताला जागा लागेल.